कोरा रकाना

माझ्या लॅबच्या फॉर्मवर सगळ्यात वर रुग्णाचं नाव, वय आणि गाव लिहायची जागा आहे. खाली तपासण्यांची लांबलचक यादी आणि प्रत्येकीपुढे खूण करायला चौकोन. या दोन्हींच्या मधे दोन ओळींचा एक रकाना आहे, ‘तक्रारी व संशयित आजार’. चोपडा-यावल पट्ट्यात मी 22 वर्षं पॅथॉलॉजी करतोय. एवढ्या वर्षांत आलेल्या बहुतेक फॉर्मांवर तो रकाना कोरा होता. चौकोनांत मात्र खुणांचा पाऊस.

हे लिहिणारा माणूस तपासण्यांवरच पोट भरतो, हे आधीच सांगून टाकतो. चौकोन जितके भरतील तितका माझा धंदा. तेव्हा तपासण्या वाढल्या म्हणून मी गळा काढत नाहीये. माझं दुखणं त्या रकान्याचं आहे. तो भरायला जे लागतं ते टेंडर काढून विकत घेता येत नाही, आणि आमच्याकडे त्याची टंचाई मशिनांच्या टंचाईपेक्षा मोठी आहे.

एक सकाळ सांगतो. श्रावण होता. केळीच्या एका बागेवर सालदार म्हणून राहिलेल्या पावरा कुटुंबातला एकोणीस वर्षांचा पोरगा पहाटे पाचला उठला तो पोट धरूनच. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रीची होती. बाराला मोटार चालू करून तो झोपडीत परतला आणि जमिनीवर गोधडी टाकून आडवा झाला. गावातल्या दवाखान्यात नेलं तेव्हा त्याच्या मोडक्यातोडक्या अहिराणीत तो एवढंच म्हणत होता, “पोटमा दुखी ऱ्हायनं.” ॲसिडिटीचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं, रक्त माझ्याकडे आलं. साखर, पेशी, लिव्हर, किडनी, अमायलेज, सगळ्यांपुढे खुणा. रकाना कोरा. आठ वाजता मी फोन करून म्हणालो, “डॉक्टर, सगळं नॉर्मल आहे.” त्या चार शब्दांच्या भरवशावर पोरगा आणखी दीड तास तिथेच पडून राहिला. मग त्याला थुंकीही गिळता येईना, तेव्हा धावपळ सुरू झाली.

तालुक्याच्या गावी एका म्हाताऱ्या फिजिशियनकडे नेलं. त्यांनी फाईल उघडलीच नाही. बापाला विचारलं, “रात्री झोपला कुठे होता? खाटेवर की खाली?” आणि पोराला म्हणाले, “माझ्याकडे वर बघ रे.” पोरानं कपाळाला आठ्या घालून जोर लावला, पण पापण्या अर्ध्यावर येऊन थांबल्या. “मण्यार,” म्हातारबुवा म्हणाले. सर्पविषावरची लस सुरू झाली, नातेवाईक आणि सिस्टर आळीपाळीनं हवेचा फुगा दाबत त्याला जळगावला घेऊन गेले, चार दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. नंतर पायांनी चालत घरी गेला.

मी दिलेल्या रिपोर्टमध्ये एक आकडाही चुकीचा नव्हता. हीच गोष्ट मला अजून टोचते.

मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात इतके बारीक की खूण बहुतेकदा सापडत नाही, सूज येत नाही, माणूस जागाही होत नाही. तिचं विष रक्तात काही बिघडवत नाही. नसेचं टोक जिथे स्नायूला भेटतं तिथे ते जाऊन बसतं आणि नसेचा निरोप स्नायूपर्यंत पोहोचू देत नाही. पापण्या आणि डोळे हलवणारे छोटे स्नायू आधी थकतात, मग गिळण्याचे, शेवटी श्वासाचे. हे पहिल्या वर्षाच्या फिजिऑलॉजीत असतं, नस आणि स्नायू या धड्यात. ते ज्याच्या डोक्यात जागं आहे त्याला पापणी दिसते. ज्याच्या डोक्यात ते झोपलंय त्याला पापणी दिसूनही दिसत नाही, आणि मग तो माझ्याकडे बाटल्या पाठवतो. माझ्या कुठल्याही मशिनला पापणी मोजता येत नाही.

घोणस आणि फुरसं यांचं उलटं. त्यांचं विष रक्त गोठू देत नाही, आणि ते ओळखायला लॅबही लागत नाही. काचेची स्वच्छ कोरडी नळी घ्यायची, त्यात दोन मिली रक्त घालायचं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवायचं. मग नळी कलती करायची. रक्त वाहिलं तर विष चढलंय. एवढी स्वस्त तपासणी जगात दुसरी नसेल. पण नळी काचेचीच का, हे माहीत नसेल तर तीही फसते. काचेच्या स्पर्शानं रक्त गोठण्याची साखळी सुरू होते, प्लॅस्टिकच्या नळीत ती तशी होत नाही. हल्ली आरोग्य केंद्रांत हाताशी असतात त्या बहुतेक प्लॅस्टिकच्याच नळ्या. एकानं मला अभिमानानं फोन केला होता, “सर, वीस मिनिटं झाली, गोठलं नाही, घोणसच.” नळी कशाची होती विचारल्यावर फोनवर शांतता. उंदीर चावला होता.

आता तापाकडे वळू, कारण ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत आमचा सगळा हंगाम तापाचाच. ताप आला की विडाल. दुसऱ्याच दिवशी विडाल. संध्याकाळी घरातलं माणूस रिपोर्ट घ्यायला येतं आणि विचारतं, “डॉक्टरसाहेब, टायफॉईड किती निघाला?” जणू वजनकाट्यावर टाकलाय. ही तपासणी विडाल नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं 1896 साली काढली, आणि तिच्यामागचं शास्त्र साधं आहे. टायफॉईडचा जंतू शरीरात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं, आणि विडाल ती प्रतिपिंडं शोधते. मग दोन प्रश्न आपोआप उभे राहतात. शरीराला ती बनवायला आठवडाभर लागतो, तर दुसऱ्या दिवशी आपण काय शोधतोय? आणि जिथे टायफॉईड गावोगाव येऊन गेलाय, लोकांनी लसी घेतल्यात, तिथे जुनी प्रतिपिंडं रक्तात फिरत असणारच, मग सापडली तर त्याचा अर्थ काय?

हिशेब मांडून बघा. समजा तापाचे हजार रुग्ण आले आणि त्यांतल्या पन्नास जणांना खरोखर टायफॉईड आहे. समजा तपासणी बरी आहे, खऱ्या शंभरातले ऐंशी पकडते आणि टायफॉईड नसलेल्या शंभरातल्या वीस जणांवर खोटा आळ घेते. पन्नासातले चाळीस सापडले. उरलेल्या साडेनऊशेपैकी एकशे नव्वद जण विनाकारण अडकले. दोनशे तीस रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि त्यांत खरे चाळीस. म्हणजे सहातला जेमतेम एक खरा. हे गणित दहावीच्या पोराला जमेल. पण ते करायचं तर तपासणीआधी ‘या माणसाला टायफॉईड असण्याची शक्यता मुळात किती’ हे मनाशी ठरवावं लागतं. तो अंदाज म्हणजेच तो रकाना. रकाना कोरा असला तर माझा पॉझिटिव्ह म्हणजे नाणं वर उडवून घेतलेला कौल.

मग तो रुग्ण पाच-सात दिवस शिरेतून अँटिबायोटिक घेतो. त्यातल्या कुणाला मलेरिया असतो, कुणाला डेंग्यू, आणि कुणाच्या काखेत सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग असतो. तो शर्ट काढला असता तर दिसला असता, आणि स्क्रब टायफसचा संशय येऊन डॉक्सिसायक्लिनच्या स्वस्तातल्या गोळीवर माणूस उठून बसला असता. शर्ट मात्र काढायला लावला जात नाही. सत्तर जण बाहेर बसलेत, हे कारण खरं आहे. डॉक्टर आणि लॅब यांच्यातला ‘कट’, म्हणजे कमिशन, हेही कारण आहे, आणि ते आपण सगळे जाणून आहोत. पण मला या दोन्हींपेक्षा तिसऱ्या कारणाची जास्त काळजी वाटते. काखेत का बघायचं, हेच पुष्कळांना आता आठवत नाही.

लॅबच्या बाजूचंही सांगितलं पाहिजे, नाहीतर हे एकतर्फी होईल. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. तीस-चाळीस किलोमीटरवरच्या गावातून एक पोरगा मोटारसायकलच्या डिकीत रक्ताच्या बाटल्या घेऊन येतो. तांबड्या पेशींच्या आत पोटॅशियम खच्चून भरलेलं असतं. खड्ड्यांत आपटून आणि उन्हात तापून त्या पेशी फुटल्या की ते बाहेर येतं, आणि धडधाकट माणसाचं पोटॅशियम मशिन साडेसहा दाखवतं. डॉक्टर घाबरतो, रुग्णाला जळगावला पाठवतो. केळ्यात पोटॅशियम असतं म्हणून रावेर-सावद्याच्या माणसाला केळी बंद करायला सांगतो, म्हणजे जवळजवळ जगणंच बंद. साखरेचं याहून वाईट. बाटलीतल्या जिवंत पेशी साखर खातच राहतात, साध्या तापमानाला तासाला पाच-सात टक्के, उन्हात त्याहून जास्त. राखाडी बुचाच्या बाटलीत रक्त घेतलं तर हे बरंचसं टळतं, कारण तिच्यातलं फ्लोराइड पेशींचं खाणं थांबवतं. लाल बुचाच्या बाटलीत घेतलं आणि चार तासांनी माझ्याकडे आलं, तर मधुमेही माणूस कागदावर बरा होऊन घरी जातो. रक्त काढणाऱ्या पोराला बुचांचे रंग पाठ असतात. ते रंग वेगवेगळे कशासाठी, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. नर्सलाही नसतं, आणि कधी कधी डॉक्टरलाही नसतं.

सातपुड्यात वर गेलं की ज्ञानाच्या या फटीची किंमत आणखी वाढते. धडगाव, अक्कलकुवा, मोलगीकडच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेलचा जीन मोठ्या प्रमाणावर आहे. या आजाराची गोष्टच मुळी मूलभूत शास्त्राची आहे. शिकागोच्या हेरिकनं 1910 साली विळ्याच्या आकाराच्या पेशींचं वर्णन छापलं, 1949 मध्ये पॉलिंगनं दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, आणि पुढच्या दशकात इंग्रमनं तो दोष एका अमिनो आम्लाच्या अदलाबदलीपर्यंत आणून ठेवला. एका रेणूतली एक वीट बदलली आणि पेशी वाकली. वाकलेली पेशी बारीक नळीत अडकते, मग कळा येतात. शिवाय ती लवकर फुटते. साधी तांबडी पेशी 120 दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत संपते.

एवढं ज्याला माहीत आहे त्याला पुढचं सगळं स्वतः काढता येतं. वर्षाच्या बाळाचे दोन्ही हात-पाय सुजले तर तो आधी सिकलसेल आठवेल, मग संधिवात. पांढऱ्याफटक पोराला वर्षानुवर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या देत राहणार नाही, कारण रक्त बनत नाहीये असं नाही, ते टिकत नाहीये. पोटाच्या कळांसाठी अपेंडिक्स काढायला घेण्याआधी तो एकदा थांबेल. आणि तीन महिन्यांच्या साखरेची ती लोकप्रिय एचबीएवनसी तपासणी सिकलसेलच्या रुग्णात फसते, हेही त्याच्या ध्यानात येईल. जी पेशी तीन महिने जगतच नाही ती तीन महिन्यांचा हिशेब कुठून देणार?

1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. चाळिशीच्या आतल्या 7 कोटी लोकांची तपासणी करायची, 2047 पर्यंत आजार हटवायचा, असं मोठं काम आहे आणि ते व्हायलाच हवं. पण गावात जी झटपट सोल्युबिलिटी तपासणी होते ती गढूळ आली म्हणजे सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच कळतं. एक जीन असलेला वाहक, जो आयुष्यभर शेतात राबू शकतो, आणि दोन्ही जीन बिघडलेला रुग्ण, दोघांची नळी सारखीच गढूळ. फरक कळायला हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते. माझ्याकडे एक मुलगी बापासोबत आली होती. शाळेतल्या तपासणीनंतर तिला कुणीतरी ‘तुला सिकलसेल झाला’ असं सांगून टाकलं होतं. दोन वर्षं ती खेळाच्या तासाला बसून राहायची. ती वाहक होती. सांगणाऱ्यानं खोटं सांगितलं नव्हतं, अर्धं सांगितलं होतं.

याउलट हे ज्ञान जागं असलं की काय होतं ते बघायला परदेशात जायची गरज नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर कोकणात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करत होते. लाल विंचू चावलेली माणसं, त्यातही पोरं, पटापट मरायची. विषावर उतारा नव्हता. त्यांनी रुग्णाच्या उशाशी बसून बघितलं. घाम, बर्फासारखे हातपाय, चढलेलं ब्लडप्रेशर, मग फुप्फुसात पाणी. म्हणजे विषानं शरीरातली तणावाची रसायनं एकदम ओतली जातायत, रक्तवाहिन्या आवळतायत आणि हृदय त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध जोर लावून थकतंय. मग आवळ सोडवणारं औषध का देऊ नये? प्रॅझोसिन नावाची ब्लडप्रेशरची साधी गोळी 1980 च्या दशकात त्यांनी वापरली, निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली, आणि शंभरातले तीस-चाळीस दगावायचे तिथे एक-दोनावर आलं. त्यांच्याकडे एमआरआय नव्हता. शरीर कसं चालतं हे त्यांना पाठ नव्हतं, समजलं होतं. आमच्या कपाशीच्या आणि केळीच्या शेतांतली किती माणसं त्या एका गोळीमुळे आज चालतीबोलती आहेत, याची मोजदाद कुणी ठेवलेली नाही.

आपल्याकडे भांडण मात्र भलत्याच गोष्टीवर चालू आहे. होमिओपॅथीच्या डॉक्टरांना एक वर्षाचा आधुनिक औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून ॲलोपॅथीची औषधं लिहायची मुभा द्यावी, असा कायदा महाराष्ट्रानं 2014 मध्ये केला. तेव्हापासून एका बाजूला संप आणि कोर्टकचेऱ्या, दुसऱ्या बाजूला ‘खेड्यात एमबीबीएस येतो का?’ हा सवाल. सवाल खोटा नाही. आमच्या भागात रात्री दोनला दार उघडणारा बहुतेकदा बीएएमएस किंवा बीएचएमएस असतो. पाड्यांवर फिरणारं भरारी पथक आणि उपकेंद्रातला समुदाय आरोग्य अधिकारी, तिथेही आयुर्वेदाची पदवी घेतलेलीच मंडळी जास्त. नर्मदेच्या फुगवट्यातल्या गावांना बोटीतून जाणारा दवाखानाही अशाच कुणाच्या जिवावर चालतो. त्यांना हिणवणाऱ्यांनी आधी एक पावसाळा मोलगीला काढावा.

पण माझा आक्षेप दोन्ही पक्षांवर आहे. सगळा वाद औषध कोणी लिहायचं यावर आहे. आजार कोणी आणि कसा ओळखायचा, यावर कुणीच बोलत नाही. औषधशास्त्र शिकवून अँटिबायोटिकचा डोस कळेल. पण समोरच्याला अँटिबायोटिक लागतंय की नाही, हे शरीररचना, शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्र यांच्यातून कळतं. हे विषय बीएचएमएसच्या अभ्यासक्रमातही आहेत, बीएएमएसच्याही आहेत. आणि एमबीबीएसवाल्यानं फार ताठ व्हायचं कारण नाही. 1997 पर्यंत त्याचं पहिलं वर्ष दीड वर्षाचं होतं, मग ते वर्षावर आणलं. तेवढ्यात अख्खं शरीर उरकायचं. पुढे इंटर्नशिपमध्ये, जेव्हा पहिल्यांदा खरी पापणी आणि खरी काख समोर येते, तेव्हा पोरगा वॉर्डाच्या कोपऱ्यात मोबाईलवर पीजीच्या परीक्षेचे चार पर्यायांचे प्रश्न सोडवत असतो. मी त्याला दोष देत नाही. पीजीची जागा प्रश्नांवर मिळते, पापणी ओळखल्याबद्दल कुणी देत नाही.

एक प्रामाणिक हरकत मला माझ्याच एका मित्रानं घेतली. तो म्हणाला, गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी अर्धशिक्षित बायकांना न्यूमोनिया ओळखायला शिकवलं, बाळं वाचली, तिथे कुठे होती तुझी फिजिऑलॉजी? मी दोन दिवस गप्प होतो. मग लक्षात आलं, ती तिथेच होती. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ श्वास, वर्षाच्या आत पन्नास, पाच वर्षांच्या आत चाळीस. त्याच्या वर गेलं की न्यूमोनिया समजून उपचार सुरू. फुप्फुस कडक झालं की बाळ उथळ आणि भराभर श्वास घेतं, या ज्ञानाचा अर्क काढून तो एका आकड्यात भरलाय. आणि त्या बायकांना शिकवून सोडून दिलं नव्हतं, त्यांचं काम कुणीतरी सतत तपासत होतं. म्हणजे माझा मुद्दा पदवीचा नव्हताच. थोडं ज्ञान पुरतं. फक्त ते नेमकं हवं, वापरात हवं आणि त्यावर कुणाची तरी नजर हवी. मित्रामुळे माझं मत बदललं असं नाही, पण त्यातला डॉक्टरी माज थोडा उतरला.

दुसरी हरकत लोकांचीच. रुग्णाला तपासून नुसता सल्ला दिला तर तो म्हणतो, डॉक्टरनं काही केलंच नाही. बाटली लावा, ताकद येईल. अर्ध्या लिटर साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, बाकी पाणी. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या बाटलीत पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पंच्याऐंशी कॅलरी. एका मध्यम केळ्यात त्याहून जास्त असतात. ज्या जिल्ह्यातून ट्रक भरभरून केळी देशभर जातात तिथला माणूस एका केळ्याएवढ्या ताकदीसाठी तीन-चारशे रुपये मोजून हाताला सुई टोचून घेतो. हे त्याला कुणी सांगायचं? शाळेत सांगता येईल. सातवी-आठवीच्या विज्ञानात पचनसंस्था आहे, रक्ताभिसरण आहे. त्याला जोडून ‘बाटलीत काय असतं’ हा एक तास घ्यायला कुठल्याही झेडपी शाळेच्या गुरुजींना जमेल.

खानदेशात आता तीन सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. धुळ्याचं जुनं, जळगावचं 2018 पासूनचं, नंदुरबारचं 2020 पासूनचं. तिथे शरीरक्रिया आणि विकृतिशास्त्राचे प्राध्यापक पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या पोरांना शिकवतात. त्यांनी पंधरवड्यातून एक दुपार तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात जाऊन बसावं. समोर एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सिस्टर, लॅबचा पोरगा, सगळे एका सतरंजीवर. विषय एकच, गेल्या पंधरवड्यात आपलं काय चुकलं. नाव न घेता, शिक्षा न करता. हा पापणीवाला पोरगा तिथे मांडला गेला असता तर मीच पहिल्यांदा उभा राहिलो असतो. याला इमारत लागत नाही. जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून सीटी स्कॅनचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, फोटो येतो. चुकांच्या बैठकीचा फोटो येत नाही, त्यामुळे ती होत नसावी.

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल डॉक्टरची नोंदणी टिकवायला पाच वर्षांत तीस क्रेडिट, म्हणजे शिकत राहिल्याचे गुण, मागते. ते मिळवायला आम्ही हॉटेलच्या थंड हॉलमध्ये औषध कंपनीच्या खर्चानं नव्या गोळीबद्दल ऐकतो आणि रात्री पनीर खाऊन घरी येतो. या तिसातले निदान दहा अशा बैठकांचे असावेत, आणि बीएएमएस-बीएचएमएसच्या कौन्सिलांनीही तेच करावं. ज्याचा पहिला हात रुग्णाला लागतो त्याच्याकडून एवढं मागणं अपमान नाही. एसटीच्या ड्रायव्हरचे डोळे आपण तपासतो.

माझ्यापुरतं मी एक केलं. मागच्या पावसाळ्यापासून लॅबच्या खिडकीवर कागद लावलाय, रकाना कोरा असल्यास डॉक्टरांना फोन केल्याशिवाय तपासणी सुरू होणार नाही. तातडीचं सोडून. महिन्याभरात दोन दवाखान्यांनी मला बाटल्या पाठवणं बंद केलं. त्या शेजारच्या लॅबमध्ये जातात, तिथे असली कटकट नाही. बायको म्हणते, या वयात कशाला. एक तरुण डॉक्टर मात्र अजून पाठवतो. परवा त्याचा फॉर्म कोराच आला तेव्हा मी फोन लावला. तो वैतागला, “सर, ओपीडी भरलीये, काय लिहू त्यात?”

म्हटलं, “पेशंटनं काय सांगितलं तेच लिहा.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो जरा हळू म्हणाला, “थांबा सर, त्याला परत आत बोलावतो.”